अर्थ लागत नाही

हेराल्डचं बॉनेट पुढच्या बाजूला उघडतं,
बंपरपासून काचेपर्यंत अख्खं,
बांगड्याचा कल्ला बोटानं वर करावा तसं.
आत बघितलं आणि रोशनला म्हटलं,
आधी चहा सांग.

वायरी कसल्या, कोळंबीच्या मिशा.
हात लागला की वरचं रबर शेवेसारखं तुटून पडतं
आणि आत तांबं हिरवं,
बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकावं तसं.
वेंगुर्ल्याचं खारं वारं वायरीच्या टोकातून शिरतं
आणि आतल्या आत चालत राहतं, हातभर, दोन हात.
कापल्याशिवाय कळत नाही कुठवर पोचलंय.

डॅशबोर्डमागे उंदरानं संसार मांडलेला:
सुपारीच्या साली, चर्चच्या पावतीचा अर्धा तुकडा,
निळ्या वायरीचं कुरतडून केलेलं मऊ अंथरूण.
व्हेरोनिका टीचर म्हणाल्या, नुसते दिवे कर,
शिरोड्याहून येताना काळोख होतो.
मी म्हटलं, टीचर, नुसते दिवे असं काही नसतं.

मग उघडत गेलो.
तपकिरी बॅटरीची, पांढरी इग्निशनची,
निळी हेडलाइटची, काळी अर्थची.
या गाडीत पॉझिटिव्ह बॉडीला जातं, उलटा कारभार.
रोशनला तीनदा सांगितलं,
चौथ्यांदा बॅटरीवर खडूनं लिहिलं.
काढण्याआधी प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचा नंबर.
सदतीसवर होतो, उजव्या मडगार्डाच्या आत,
हात पोचत नाही अशा जागी,
तेव्हा माझा जोड सापडला.

माझाच. चौदाव्या वर्षीचा.
टेप डावीकडून गुंडाळलेला,
आणि कासम वस्तादांच्या गॅरेजात डावरा मी एकटा.
त्या संध्याकाळी कॅम्पवर व्हॉलीबॉलची मॅच होती.
स्टोव्ह विझलेला, राळ संपलेली,
दोन टोकं नुसती पिळली, वर टेप.
वस्ताद म्हणाले, डाख दिलास?
दिला.

तिसऱ्या रात्री दाभोलीच्या वळणावर दिवे गेले.
गाडी गडग्याला घासली,
टीचरच्या वडलांचं मनगट मोडलं.
मला कोणी काही बोललं नाही.
वस्ताद दुसऱ्या दिवशी सायकलला पेटी बांधून कुठंतरी गेले,
दुपारी आले, हात धुतले, जेवले.
ती गाडी पुन्हा आमच्या दारात आली नाही.
एकेचाळीस वर्षं
मी त्या वळणावर दुचाकीचा वेग कमी करतो.

ब्लेड लावलं. टेप सुटला.
खाली जाळ्याचा नायलॉन दोरा, नऊ वेढे.
असे वेढे एकच माणूस घालायचा.
त्याखाली कथलाचा डाख,
अजून पांढरा, कुठं टोचायला जागा नाही.
मग वरचा टेप पुन्हा हातात घेऊन बघितला.
डावीकडूनच होता, पण सैल,
उजव्या हाताच्या माणसानं
मुद्दाम डावीकडून गुंडाळल्यासारखा.

दिवे माझ्या जोडानं गेले होते
की कुठं अर्थ सुटला होता,
हे आता कोणाला विचारणार.

काका, ह्यां टाकू? रोशननं विचारलं.
टाक, म्हटलं.
जोड जिवंत आहे, पण दोन्हीकडची वायर मेलीय.
मग हातातला तुकडा त्याला द्यायला
जरा वेळ लागला.

चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला
बर्फ कारखान्याच्या भिंतीवर दिवे मारून बघितले.
डावा लख्ख. उजवा पिवळट,
इंडिकेटर दिला की त्याच्याबरोबर तोही मान हलवतो.
अर्थ लागत नाही, रोशन म्हणाला.
पॉलिश पेपरनं पत्रा घासला,
खालचं कोरं लोखंड दिसेपर्यंत,
बोल्ट आवळला, वर व्हॅसलिन.
दोन्ही दिवे सारखे झाले.
टीचरनी पर्स उघडली, बंद केली, डोळे पुसले की चष्मा,
उजेडात नीट दिसलं नाही.

त्या चहाला आत गेल्या तेव्हा
मी रोशनला विचारलं,
मडगार्डातल्या जोडाला डाख दिलास?
दिला.
बरं, म्हटलं, जा, बिलबुक घेऊन ये.
तो वळला
आणि मी बाही वर करून
आत हात घातला.